दीर्घिकांचा शेजार

१२ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर हल्ली मला तुझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरून "हो, हो" म्हणत राहतो. मागच्या वेळी तू गुडघा दुखतो म्हणालीस आणि मी म्हणालो, "अरे वा, छान झालं." हिने नंतर सांगितलं तेव्हा कळलं. जन्मभर धुलाईच्या यंत्रांशेजारी उभं राहिलं की कान असेच होतात म्हणे. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलंय, पण त्यातून तुझ्यापेक्षा आमचा बॉयलरच जास्त स्पष्ट ऐकू येतो. डोळे अजून शाबूत आहेत, तेव्हा आता पत्रंच.

लिहायला कारणही घडलं. परवा शाळेतल्या एक बाई पडदे न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला रेडिओवर ऐकलं. फार सुंदर बोलल्या. त्या नेमकं काय शोधतात हो?" मी म्हणालो, "ताऱ्यांचं काहीतरी." बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पडद्यावरचा डाग जणू मीच पाडलाय. रात्री जेवताना हिला विचारलं, "ताई काय करते गं?" तर ही म्हणाली, "तुमची बहीण, मला काय विचारता?" म्हणून तुलाच विचारतो. पण इस्त्रीवाल्याला समजेल असं सांग.

मावशी बरी आहे, म्हणजे खाते-पिते, वरच्या मजल्यावरून खाली डोकावून माणसांना कामं सांगते. विसरते मात्र फार. मला कधी तिच्या थोरल्याच्या नावाने हाक मारते, कधी काकांच्या. सध्या एकच घोकते, "पोरगी आली का?" तिच्या धाकट्या लेकीची आठवण येत असणार. मी तिला परदेशी फोन लावला, तर ती वैतागून म्हणाली, "अरे, दोन महिन्यांपूर्वी तर येऊन गेले." तेव्हा ते तसंच राहिलंय.

गुडघ्याचं कळव. या वेळी नीट वाचेन.

तुझा बारक्या

(वजन ब्याण्णव किलो. तरी तू बारक्याच म्हणणार.)


३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ शेवटी वर चढते. खूप हसले मी पत्र वाचून. गुडघा बरा आहे.

आधी एक गैरसमज काढते. मी रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे, खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. दुर्बीण कुठल्या कुठे डोंगरावर असते, तिने गोळा केलेला प्रकाश आकडे होऊन माझ्या संगणकावर येतो. मी सकाळी साडेनऊला जाते, संध्याकाळी परत येते. कारकुनासारखीच.

आता काम. तुझ्या त्या मोठ्या टाकीत साबणाचा फेस होतो ना, तो जरा वाकून बघ. बुडबुड्यांच्या आत काही नसतं. साबण असतो तो बुडबुडे एकमेकांना चिकटतात तिथल्या पातळ पडद्यांवर, आणि तीन-चार बुडबुडे भेटतात त्या काठांवर जास्त. विश्व साधारण तसं आहे. आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात आहे, तशा समूहाला दीर्घिका म्हणतात. या दीर्घिका आकाशात कशाही विखुरलेल्या नाहीत. त्या पडद्यांवर आणि धाग्यांवर आहेत, धागे जिथे मिळतात तिथे त्यांची दाटी आहे, आणि मधे प्रचंड पोकळ्या. पोकळीतही अगदीच शुकशुकाट नसतो. एखाद-दुसरी दीर्घिका असते, एकटी, शेजाऱ्यापासून फार लांब.

माझा प्रश्न एवढाच की दीर्घिका कशी वाढणार हे तिच्या जन्मावर ठरतं की तिच्या शेजारावर? मी लांबच्या दीर्घिका बघते, ज्यांचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती. त्यांच्या लहानपणीचे फोटो बघते असं समज. त्यातही पोकळीतल्या माझ्या खास.

का, ते तू ओळखशील. तलावावरचं आपलं क्वार्टर आठवतं का तुला? दोन खोल्या, मागे पंपघर, पुढे नुसतं पाणी. सर्वांत जवळचं घर बाबांच्या सायकलवरही लांब वाटायचं. बाबा सकाळ-संध्याकाळ पट्टीवर पाण्याची उंची बघायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, "दोन बोटं उतरलंय." दिवसभरात तेवढंच बोलणं. तू मावशीकडे गेलास तेव्हा मी सात वर्षांची होते. तुला गजबज मिळाली, खालून वर येणारी वाफ, पाच भावंडं. मी पायरीवर बसून पाण्यात दगड टाकायचे आणि आवाज किती वेळ टिकतो ते बघायचे.

मावशीला नमस्कार सांग.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र टाकीपाशी उभं राहून वाचलं, फेस बघत. खळ घालणाऱ्या आमच्या माणसाने विचारलं, "मालक, काही पडलं का आत?" मी म्हणालो, "विश्व." तेव्हापासून तो मला जरा सांभाळून घेतोय. पडदेवाल्या बाईंनाही समजावलं. त्या म्हणाल्या, "बहिणीपेक्षा तुम्ही चांगलं सांगता." हे तुला मुद्दाम कळवतो.

पण एक वाक्य मला पुढे जाऊ देईना. "तुला गजबज मिळाली."

ताई, मी पाच वर्षांचा होतो. बसमधून उतरलो तर गल्लीभर दोऱ्यांवर चादरी. मला वाटलं इथे कुणाला तरी लपवून ठेवतात. वर नेलं, एका लांब खोलीत ओळीने खाटा, सगळ्यांवर कुणी ना कुणी उड्या मारतंय, आणि खिडकीजवळची एक खाट रिकामी. मी तिच्यावर चढलो तर मावशी म्हणाली, "ती नको राजा, ती दुसऱ्याची आहे." मला दाराजवळची मिळाली. खिडकीजवळची पाहुण्यांची असेल असं मी धरून चाललो. पण पाहुणे आले तरी ते खालीच झोपायचे.

आणि गजबजीचं म्हणशील तर, पाच जण "आई" म्हणून हाक मारायचे आणि मी सहावा "मावशी" म्हणायचो. कुणी कधी भेदभाव केला नाही, खोटं बोलणार नाही. पण मला बरीच वर्षं वाटायचं की मी फार खायचो म्हणून घरून पाठवलं असणार. तुझ्या वाटणीला आईची अख्खी मांडी आली, असं म्हणून मी रडायचो. इथे रडायलाही रांग लावावी लागायची.

मग मला सांग, त्या दाटीतल्या दीर्घिका सुखी असतात की तुझ्या पोकळीतल्या?

मावशी आजकाल सकाळी वर त्या खोलीत जाते. खाटा तर आम्ही केव्हाच मोडीत काढल्या, ती खिडकीजवळची तेवढी तिने काढू दिली नाही. तिच्यावरची चादर झटकते, पुन्हा घालते, खाली येते. विचारलं तर म्हणते, "धूळ बसते."

एकदा येऊन जा. तू तिच्याशी दोन वाक्यांपलीकडे कधी बोलली नाहीस. माझ्या लग्नातसुद्धा नाही. मी विचारलं नाही, पण दिसत होतं.

बारक्या


१६ मार्च

बारक्या,

सुखी हा शब्द दीर्घिकांना लागत नाही. त्यांच्या बाबतीत आम्ही एवढंच विचारतो की नवे तारे जन्मतायत का. तारे वायूतून जन्मतात. दाटीतल्या दीर्घिकांना सुरुवातीला भरपूर वायू मिळतो, त्या भराभर वाढतात, तारे नुसते उसळत असतात. पण पुढे त्याच दाटीत त्यांचा वायू ओरबाडला जातो, नवा येईनासा होतो. मग त्या लाल होत जातात, शांत. पोकळीतल्या बारीक राहतात, निळ्या, हळूहळू वाढणाऱ्या, आणि बाकीच्या थकल्यावरही त्यांच्यात तारे जन्मत असतात. मी तीस वर्षं हेच शिकवलं.

आता ऐक. आमच्याकडे एक तरुण सहकारी आली आहे, हुशार आहे आणि तोंडाने फटकळ. गेल्या महिन्यात तिने माझ्या टेबलावर एक आलेख ठेवला. म्हणाली, "मॅडम, सारख्या वजनाच्या दीर्घिका घेतल्या, एक पोकळीतली, एक दाटीतली, तर फरक जवळजवळ उरत नाही. जड दीर्घिका कुठेही असली तरी लवकर थकते. पोकळीत फक्त हलक्या जास्त आहेत, म्हणून तुम्हाला फरक दिसत होता."

मी म्हणाले, "बघते." दार लावून घेतलं आणि दुपारभर बघत बसले. तिची आकडेमोड चुकलेली नाही. तुला हसू येईल, पण मला कुणीतरी घरातून काही उचलून नेल्यासारखं वाटलं. एकटेपणाने घडवलं असं मी ज्यांच्याबद्दल म्हणत होते, त्या मुळातच तशा होत्या असं ती म्हणते.

आणि आता तुझ्या मांडीबद्दल. आईची मांडी मला कुठे मिळाली, बारक्या? ती अंथरुणावर होती. तू गेल्यावर वर्षभरात तिचं उठणंच बंद झालं. मी स्टुलावर चढून भाकरीचं पीठ काढायचे. बाबा पाण्याची उंची सांगायचे आणि मी ती लिहून घ्यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "तो परत कधी येणार?" ते म्हणाले, "मावशीला मुलगा हवा होता, तिने त्याला नेलं." एवढंच. मी त्यावर पुढे काही विचारलं नाही. मावशीने तुला निवडलं, मला नाही, हे सात वर्षांच्या मुलीला नीट कळतं. घरी स्वतःचे तीन मुलगे असताना तिला आणखी एक कशाला हवा होता, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आज हे लिहिताना पडला.

मे महिन्यापर्यंत शोधनिबंध पाठवायचा आहे. येणं जमणार नाही.

ताई


२९ मार्च

ताई,

मी मावशीला विचारलं.

रविवारी यंत्रं बंद असतात, त्यामुळे मला ऐकू येतं. आम्ही दोघं हॉटेलचे अभ्रे घड्या करत बसलो होतो. हे काम तिचे हात अजून विसरलेले नाहीत, आणि हात चालू असले की डोकंही जरा ठिकाणावर येतं. मी म्हणालो, "मावशी, तुला मुलगा हवा होता म्हणून मला आणलंस का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मुलगा? मला? तीन दिवटे होते की घरात."

"मग मला का आणलंस?"

"तुला नाही. तुम्हाला. दोघांना." अभ्रा तिने मांडीवर ठेवला. "अक्काने दोघांचे कपडे बांधून ठेवले होते. ती म्हणाली, मी अशी पडलेली, पोरांचे हाल होतात, तू घेऊन जा. आणि निघायच्या दिवशी पोरगी तापाने फणफणली. एवढ्या लांब बसमधून कशी नेऊ? म्हटलं, याला नेते, आठवड्याने हिला नेते."

"आणि मग?"

"गेले की आठवड्याने. तुझे बाबा फाटकातच उभे. आत येऊ देईनात. म्हणाले, ती गेली तर या घरात पाणी द्यायलाही कुणी नाही. मी म्हटलं, अहो, सात वर्षांची आहे ती. तर तो माणूस फाटकाला धरून रडायला लागला." मावशीने मांडीवरचा अभ्रा उचलून पुन्हा घडी घातली. "बाईमाणूस रडलं तर समजूत काढता येते रे. त्याचं काय करायचं ते मला कळेना. आले परत."

नंतर आई गेल्यावरही ती आली होती, ताई. म्हणाली, "पोरगी दारात आली, मला बघितलं आणि आत निघून गेली. मोठी झाली होती. हात धरून ओढायचं वय राहिलं नव्हतं."

ती खाट तुझी होती. पाहुण्यांची वगैरे काही नाही. ती रोज "पोरगी आली का" विचारते, ती तू.

बाबांवर रागावायचं का, ते मला ठरवता येत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. पण फाटकाला धरून रडणारे बाबा डोळ्यांसमोर येतात आणि राग पुढे सरकत नाही. मी त्यांना रडताना कधी पाहिलंच नव्हतं.

निबंध राहू दे जरा. त्या दीर्घिका इतकी वर्षं थांबल्यात. मावशी थांबेल असं वाटत नाही.

बारक्या


१९ जून

प्रिय बारक्या,

इथे परत पोचल्यावर दोन ओळी टाकते म्हणाले होते, त्याला तीन आठवडे झाले. तुझ्या बायकोला सांग, तिने बांधून दिलेलं सगळं संपलं, डबा तेवढा शिल्लक आहे.

तुझ्याशी समोरासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. बॉयलरच्या आवाजात हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दिवशी तुझ्यादेखत मावशीने मला ओळखलं नाही. "या, बसा," म्हणाली आणि पावती मागितली. तुझा चेहरा पडला, मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू खाली गेलास आणि मी तिच्याबरोबर वरच्या खोलीत गेले. ती चादर झटकत होती. मी दुसरं टोक धरलं. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, कधी आलीस?"

मी आईसारखी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला ओळखणारं सांगायला होतं तरी कोण?

मी म्हणाले, "आत्ताच."

"किती म्हातारी झालीस गं."

"झाले खरी."

"पोरीचा ताप उतरला?"

मी मान हलवली. ती एकदम चिडली. "मग पाठवत का नाहीस? रोज पाठवते म्हणतेस. मी इकडे खाट घालून बसलेय."

मी म्हणाले, "पाठवलीय."

"कुठंय?"

"खाली आहे. भावापाशी."

ती दाराकडे बघत राहिली. मग माझ्या हातातलं टोक काढून घेऊन चादर गादीखाली नीट खोचली आणि म्हणाली, "जेवलीय का ती? तिला सांग, उशीर झाला म्हणून मी काही बोलणार नाही. लहान पोराला काय कळतं. वर ये म्हणावं."

नंतर ती तिच्या खुर्चीत डुलक्या काढू लागली आणि मी त्या खाटेवर आडवी झाले. पाय बाहेर येत होते. खालून वाफेचा आणि ओल्या सुताचा वास येत होता, गल्लीत कुणीतरी भांडत होतं, कुणीतरी रेडिओ लावला होता, तू कुणावर तरी ओरडत होतास. इतक्या आवाजात मला झोप लागेल असं वाटलं नव्हतं. तू वर येऊन पायांवर पांघरूण घातलंस ते मला कळलं. उठले नाही, कारण मग हे सगळं सांगावं लागलं असतं.

निबंध परवा पाठवला, महिनाभर उशिरा. त्या मुलीचं आणि माझं, दोघींचं नाव आहे त्यावर. तिचं म्हणणं बरोबर होतं, वजन हीच मोठी गोष्ट. पण आम्ही दोघींनी मिळून आणखी एक बघितलं. दीर्घिका आज कुठे आहे एवढ्यावर भागत नाही. दाटीत पोचण्याआधी ती एखाद्या धाग्यावरून तिकडे सरकत असते, फार फार काळ. त्या वाटेवरच्या दीर्घिका आम्ही निवडून काढल्या. दाटी अजून लांब असतानाच त्यांच्यातला वायू कमी व्हायला लागलेला असतो, तेवढ्याच वजनाच्या पोकळीतल्यांपेक्षा थोडा कमी. फरक बारीक आहे, पण तो जात नाही, आम्ही सर्व बाजूंनी तपासलं. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपण दोघी निम्म्या-निम्म्या बरोबर." मी म्हणाले, "माझं निम्मं थोडं लहान आहे." खरंच लहान आहे, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

तू यात आपल्या घराची गोष्ट शोधशील, मला माहीत आहे. शोधू नकोस. त्यांना फाटकात उभं राहणारं कुणी नसतं.

बाबांचं मला अजून काही ठरवता आलेलं नाही. तलावावर जाऊन यावं असं मनात आहे. क्वार्टर पाडलं म्हणतात, पण पाणी असेल. तू येशील का बरोबर?

ताई


७ सप्टेंबर

ताई,

फोनवर तू काय म्हणालीस ते मला निम्मंही कळलं नाही, पण तू बराच वेळ फोन ठेवला नाहीस एवढं कळलं. विमानं बंद होती, तुला पोचता आलं नाही, त्याला तू काय करणार. मनाला लावून घेऊ नकोस.

मावशीला त्रास काही झाला नाही. सकाळी तिने दूध घेतलं, गल्लीतल्या कुणाला तरी खिडकीतून सांगितलं की तुझी चादर दोरीवरून घसरलीय, आणि मग खुर्चीत बसली ती बसलीच. उन्हाळ्यानंतर तिने "पोरगी आली का" विचारणं सोडून दिलं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा मला कारण कळलं. मी ते तिला वाचून दाखवणार होतो, पण ती म्हणाली, "पोरं खाली आहेत ना? मग झालं."

लाँड्री तीन दिवस बंद ठेवली. कपडे न्यायला आलेली माणसं कपडे न घेताच बसून राहायची. पडदेवाल्या बाई तर रोज आल्या. पाचही जण आले, धाकटीसुद्धा. घर पुन्हा तसंच भरलं, कोण कुठे झोपलंय कळेना. सगळ्यांचे केस पांढरे, आणि भांडणं तीच. थोरला तुझी फार चौकशी करत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात द्यायचा मजकूर लिहायला आम्ही सगळे खालच्या टेबलाभोवती बसलो. मी लिहीत होतो. "मागे पाच मुलं, सुना, जावई, नातवंडं" असं लिहून मी कागद थोरल्याकडे सरकवला. त्याने चष्मा लावला, वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि "पाच" खोडलं.

"सात लिही," म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, पण लोक..."

"लोकांना काय विचारायचंय? खाटा सात होत्या." धाकटीने मान हलवली. बाकीच्यांनी वरही पाहिलं नाही, इतकं ते त्यांना सरळ वाटलं. मला मात्र उठून बॉयलर बघायला जावं लागलं. बॉयलर बंदच होता.

ऑक्टोबरमध्ये तलावावर जाऊ. मी येतो. बसनेच जाऊ, मला ती वाट एकदा उलट दिशेने बघायचीय.

पेपर सोबत पाठवतोय. नावं छापली आहेत सगळ्यांची. तुझं माझ्याखाली आलंय, अगदी शेवटी, शेंडेफळासारखं. छापखान्यात तू थोरली आहेस हे कुणाला माहीत असणार? राग मानू नकोस.

बारक्या